सहाव्या कप्प्यातली डिस्क

"परत मे—" रंगनाथभाऊ दारातच अडखळले. "परत बंद पडला का, मॅडम?"

"मेला म्हणा हो, भाऊ. सर्व्हर मेला म्हटल्यानं मला काही होत नाही."

 जुलैपासून अख्ख्या हॉस्पिटलनं माझ्यासमोर तो शब्द वापरायचा सोडला होता. त्याआधी प्रिंटर मेला, बॅटरी मेली, असं आम्ही दिवसातून वीसदा म्हणायचो. माझा नवरा गेला, आणि त्या दिवसापासून माझ्या खोलीत सगळं नुसतं 'बंद पडायला' लागलं. खरं सांगते, मला काही वाटायचं नाही. मुकुंद गेल्याचंच काही वाटत नव्हतं, तिथं प्रिंटरचं काय घेऊन बसलात.

हायवेला लागून आमचं ट्रस्टचं कॅन्सर हॉस्पिटल. मी तिथली कॉम्प्युटरवाली बाई, वैजयंती शेटे. रंगनाथ लोहार हे मेंटेनन्सचे फोरमन, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. जनरेटरपासून पंख्यापर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. बुधवारी ट्रान्सफॉर्मरचं काम निघालं म्हणून पाच महिन्यांत पहिल्यांदा मी आवाज विभागाचा सर्व्हर पूर्ण बंद केला होता. गुरुवारी चालू केला तो उठलाच नाही. आज शुक्रवार.

आवाज विभाग म्हणजे इरावतीताई सोमणांची एक खोली आणि एक चांगला माइक. घशाच्या कॅन्सरमध्ये ज्यांचं स्वरयंत्र काढावं लागणार, त्यांचा आवाज ताई ऑपरेशनच्या आधी टेप करून ठेवायच्या. कुणी नातवाला गोष्ट सांगायचं, कुणी वर्तमानपत्र वाचायचं, कुणी नुसतं रडायचं. ते सगळं माझ्या सर्व्हरवर यायचं. सर्व्हर जुना, पण विभाग नवा, म्हणून रोजच्या बॅकअपमध्ये तो घेतलेला नव्हता. मोठी बॅकअप मशीन मागितली होती, अर्ज खरेदी समितीकडे पडला होता.

सर्व्हरमध्ये सगळ्या डिस्कांवरची जागा सांभाळणारा एक प्रोग्रॅम असतो. कोणती डिस्क कुठली, कुणाचा भाग कुठं जोडायचा, हे तो बघतो. तोच कोसळत होता. 'डिस्कांची यादी दाखव' म्हणून कमांड द्यावी, तर क्षणभर थांबायचा, 'सेगमेंटेशन फॉल्ट' अशी एक ओळ टाकायचा आणि संपला. मी तो काढून नव्यानं टाकला. जुनी आवृत्ती लावून बघितली. पुन्हा तेच. कालपासून तीसेक वेळा तरी झालं असेल. मला राग यायला हवा होता. तोही येत नव्हता.

"बाहेर ते कोरेवाडीचे बापू आलेत," भाऊ म्हणाले. "लग्नाचं न्यायला."

"बसवा त्यांना."

"कधी मिळंल म्हणून सांगू?"

"बसवा म्हटलं ना."

ते गेले नाहीत, कारण बापू त्यांच्या पाठोपाठ आतच आले होते. भानुदास खटके, गळ्याशी पांढरं फडकं बांधलेलं, फडक्यामागं श्वासाचं भोक. मागे त्यांची बायको, अनुसयाकाकू, हातात पिशवी आणि पत्रिकांचा गठ्ठा. आजूबाजूच्या पाच गावांत कुणाचंही लग्न असो, भटजींच्या शेजारी माइकवर मंगलाष्टकं म्हणायला बापूच. पोरीच्या लग्नासाठी त्यांनी स्वतः रचून ठेवली होती, तिच्या आणि जावयाच्या नावासकट. ऑगस्टमध्ये ऑपरेशनच्या आदल्या दिवशी इरावतीताईंनी ती टेप करून घेतली. लग्न परवा, रविवारी.

"पोरगी हटून बसलीया," अनुसयाकाकू म्हणाल्या. "बापूच्या आवाजाबिगर अक्षता पडू द्यायची न्हाय म्हनती. सोयऱ्यांस्नी बी सांगून टाकलंय तिनं. तेवढं त्या पेन का कशात घालून द्या, म्हंजी आमी निघतो. घरी हळद दळायची हाय."

"थोडा वेळ लागेल, काकू."

"किती?"

"सांगता येत नाही."

बापू माझ्याकडे बघत होते. त्यांनी खिशातून पेन काढलं, एका पत्रिकेच्या पाठीवर लिहिलं आणि माझ्यापुढं धरलं. 'गेलं का?'

"अजून नाही," मी म्हणाले. "बघतेय."

ते दोघं बाहेर बाकावर जाऊन बसले. मी पुन्हा खुर्चीत बसले, आणि काल सुचायला हवं होतं ते तेव्हा केलं. प्रोग्रॅमला म्हटलं, जे जे करतोस ते एकेक लिहीत जा, मग कोसळ. पाचशे ओळी आल्या. शेवटच्या ओळी बघितल्या. पुन्हा चालवलं, पुन्हा शेवटच्या ओळी बघितल्या. दर वेळी तो एकाच ठिकाणी कोसळत होता. प्रत्येक डिस्कला स्वतःचा असा एक लांबलचक ओळख क्रमांक असतो, आणि तो एकच क्रमांक प्रोग्रॅमला दोनदा सापडत होता. एकाच ओळखीच्या दोन डिस्का. यातली खरी कोणती, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"भाऊ, डिस्का किती आहेत यात?"

"सहा."

"पाच."

"सहा, मॅडम. मी स्वतः पुसल्यात."

मी उठून सर्व्हरचं पुढचं झाकण उघडलं. सहा कप्पे, सहा हिरवे दिवे. सहावा कप्पा मी कायम रिकामा ठेवलेला. प्रत्येक डिस्कच्या मुठीवर हळदीकुंकवाचं एकेक बोट होतं, आणि खालच्या फटीत झेंडूच्या दोन वाळक्या पाकळ्या.

"ही कुठून आली?"

भाऊंनी टोपी काढली. "खंडेनवमीला. ही कपाटात होती तुमच्या."

"माझ्या कपाटातली डिस्क तुम्ही यात घातलीत?"

"पूजा मांडली होती ना. पाने, पक्कड, ड्रिल, जनरेटरची चावी. मग सर्व्हरची पाळी आली. कपाटातनं पंचा काढायला गेलो तर ही दिसली. म्हटलं सगळ्यांची पूजा झाली, ही एकटीच का उपाशी. हळदकुंकू लावलं. आणि इथं एक कप्पा मोकळा, दात पडल्यावानी दिसत होता. म्हटलं बसू दे बिचारी भावंडांत." त्यांचा आवाज बारीक झाला. "चुकलं का?"

दर वर्षी सर्व्हरची पूजा मीच करायचे. कुणालाही हात लावू द्यायचे नाही, फूलसुद्धा मी सांगेन तिथंच ठेवायचं. त्या वर्षी मी नव्हते. घरात माणूस गेलेलं, वर्षाच्या आत सण नाही. त्यात आमच्या स्टोअरच्या बाईंनी सांगितलं होतं की वैजयंतीला बोलवू नका, हळदीकुंकवाच्या ताटापाशी तिला कसंतरी होईल. मी कँटीनमध्ये बसून पोहे खाल्ले होते. पोह्यांत मीठ नव्हतं, हे मला शेजारच्यानं सांगितलं तेव्हा कळलं.

"चुकलं," मी म्हणाले. "पण तुमचं एकट्याचं नाही. त्या डिस्कवर चिठ्ठी लावायला पाहिजे होती मी."

ती जुनी डिस्क होती. पाच वर्षं झाली की डिस्क बदलायची असा आमचा नियम. जुलैच्या सुरुवातीला मी जुनीवरचं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवलं, ओळख क्रमांकासकट, नवी सर्व्हरला लावली आणि जुनी कपाटात टाकली. असू दे म्हणून. मग मुकुंदची तब्येत ढासळली आणि ती तिथंच राहिली. ऑक्टोबरमध्ये भाऊंनी ती कप्प्यात बसवली. चालू सर्व्हरनं तिच्याकडे लक्षच दिलं नाही. बंद करून उघडल्यावर मात्र दोघी एकदम समोर आल्या.

मी सहाव्या कप्प्यातली डिस्क ओढून बाहेर काढली. कमांड दिली. यादी आली, सरळ, पाच डिस्कांची.

"झालं?" भाऊ पुढं झाले. "झालं ना? सांगू का बापूंना?"

"थांबा."

आवाज विभागाचा भाग जोडायला सांगितला, आणि नवी डिस्क टक् टक् करायला लागली. पाच मिनिटं गेली. वाचता येत नाही, असा निरोप आला. दुसऱ्यांदा केलं नाही. आजारी डिस्कला पुन्हा पुन्हा वाचायला लावणं म्हणजे तिचा जीव घेणं. अशा वेळी एकच करायचं असतं. तेवढीच मोठी एक धडधाकट डिस्क घ्यायची, आजारी डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाच, सावकाश, तिच्यावर उतरवायची, वाचता येणार नाही ते सोडून द्यायचं, आणि मग जे काही शोधायचं ते त्या प्रतीवर.

पुण्याला फोन लावला. त्या वर्षी थायलंडात पूर आला होता आणि डिस्का बनवणारे कारखाने पाण्याखाली गेले होते. आमचा सप्लायर हसलाच. "मॅडम, एवढी मोठी? पुढच्या महिन्यात बघू." गावातल्या दोन्ही दुकानांत निम्म्या मापाच्यासुद्धा नव्हत्या. बिलिंगच्या मशीनवर एवढी जागा नव्हती. अख्ख्या इमारतीत त्या मापाची एकच डिस्क होती, आणि ती माझ्या हातात होती.

"मग हीच वापरा की," भाऊ म्हणाले. "ठणठणीत आहे म्हणता ना?"

"आहे."

ठणठणीत आहे का, हे बघायला मी ती टेबलावरच्या मशीनला लावली. उघडली. फायलींची यादी आली, जुलैपर्यंतची. एकेक रुग्ण, रजिस्टरचा नंबर आणि नाव. बापूंचं नाव त्यात नव्हतं, ते ऑगस्टचं. मी खाली जात राहिले आणि सदतिसाव्या नंबरवर थांबले.

३७, मुकुंद शेटे, एकवीस मिनिटं.

मेमध्ये त्यानं ते टेप केलं होतं. मी इरावतीताईंच्या खोलीबाहेर चहाचे दोन कप घेऊन उभी होते. त्याचा चहा निवला म्हणून मी तोही पिऊन टाकला. काय बोललास, असं विचारलं, तर म्हणाला, तुझ्या चुगल्या केल्या. जूनमध्ये ऑपरेशन झालं. जुलैच्या अखेरीस तो गेला. माणूस गेल्यावर आवाज नातेवाइकांना द्यायचा आणि सर्व्हरवरून काढून टाकायचा, असा विभागाचा नियम. ऑगस्टमध्ये रजिस्टर माझ्यापुढं आलं. 'नातेवाइकाला मिळाला' तिथं मी सही केली, 'कॉम्प्युटर विभागानं काढला' तिथंही मीच सही केली, आणि काढला. स्वतःला मात्र दिला नाही. घेईन नंतर, असंही मनात नव्हतं. दोन सह्या करायच्या होत्या, त्या केल्या.

आणि तो इथं होता. तीन महिने कपाटात, मग झेंडूच्या फुलाखाली, मग दीड महिना सर्व्हरच्या सहाव्या कप्प्यात.

ड्रॉवरमध्ये पेन ड्राइव्ह होता. एकवीस मिनिटांची फाइल उतरवायला दोन मिनिटंही लागली नसती. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी यादीकडे बघत बसले होते, आणि मला आठवतं, त्या वेळी माझ्या डोक्यात एकच विचार होता, की साडेदहा वाजलेत, आत्ता सुरू केलं तर तीनपर्यंत होईल.

"मॅडम," भाऊ म्हणाले, "हिच्यावरचं सगळं जाणार ना आता?"

"हो."

"यातलं काही ठेवायचंय का? एकदा विचारलेलं बरं. मघाशीच एक घोळ करून बसलोय."

"नाही," मी म्हणाले. "काही नाही."

यादी बंद केली. आजारी डिस्क शेजारी लावली. कमांड लिहिली, कोणती कोणत्या बाजूला आहे ते तीन वेळा तपासलं, कारण इथं उलटं झालं तर बापूंचं कायमचं गेलं असतं. प्रोग्रॅमनं विचारलं, या डिस्कवरचं सगळं नष्ट होईल, चालेल का? मी होय म्हटलं.  मग भाऊंना चहा सांगितला.

साडेचार तास तो आकडा वर चढत राहिला. दुपारी अनुसयाकाकूंनी पिशवीतून भाकरी, ठेचा आणि पिठलं काढलं आणि मला बाकावर बसवून खायला लावलं. बापूंची खिचडी वेगळी होती, पातळ. ते मधूनमधून दारात यायचे, पडद्यावरचा आकडा बघायचे आणि परत जाऊन बसायचे. सत्तर टक्क्यांना डिस्क पुन्हा टक् टक् करायला लागली, तेव्हा भाऊंनी हात जोडले. बापू दारात उभे होते. त्यांचं फडकं भराभर आत-बाहेर होत होतं.

"बसा, बापू," मी म्हणाले. "बघून ती लवकर होत नाही."

तीनच्या सुमारास संपलं. थोडे तुकडे वाचता आले नव्हते, ते कुणाचे हे अजून माहीत नव्हतं. प्रत सर्व्हरला लावली, जोडायला सांगितली. जोडली गेली. यादी आली. बापूंचं नाव होतं. मी स्पीकर लावला आणि फाइल उघडली.

आधी खाकरल्याचा आवाज आला. मग इरावतीताईंचा, 'म्हणा बापू.' आणि मग बापू. काय आवाज होता हो तो! खोलीच्या भिंतीला भिडणारा. भाऊंनी तोंडावर हात धरला. अनुसयाकाकू भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. बापू मात्र स्पीकरच्या अगदी समोर येऊन उभे राहिले, आणि एकेका ओळीबरोबर त्यांचे ओठ हलत होते. शेवटच्या ओळीला त्यांनी श्वास घेतला तो गळ्यातून नुसता फुस्स करून बाहेर आला.

कुठंही तुटलं नव्हतं. मी दोन पेन ड्राइव्हवर उतरवून दिलं. जुन्या फायलीही सगळ्या वाचल्या होत्या. ऑगस्टनंतरच्या तीन फाटल्या होत्या, त्यांच्या घरच्यांना इरावतीताईंनी फोन केले. बापूंनी पत्रिकेवर लिहिलं, 'रविवारी यायचंच.' खाली दोनदा रेघ मारली. मी हो म्हणाले. घरी जाऊन झोपले, आणि मला छान झोप लागली.

रविवारी मी जाणार नव्हते. रंगनाथभाऊ स्कूटर घेऊन दारात आले. "चला. माझी चूक होती, मला एकट्याला जायची लाज वाटते," म्हणाले. मी गेले.

कोरेवाडीच्या शाळेच्या मैदानात मांडव होता. अंतरपाट धरला. भटजींनी दोन म्हटली आणि साउंडवाल्याला खूण केली. बापू मुलीच्या मागे उभे होते, नवा फेटा, गळ्याला रेशमी फडकं. त्यांचा आवाज मांडवाच्या चारही कोपऱ्यांतल्या कर्ण्यांतून एकदम आला. बाया पदर तोंडाला लावून हुंदके द्यायला लागल्या. मुलीचं नाव आलं तेव्हा तिनं मान वर केली नाही, नुसता हार गच्च धरला. 'सावधान' आलं की लोक अक्षता टाकत होते. मीही टाकत होते. छान झालं, असं वाटत होतं. एखादं काम नीट झाल्यावर वाटतं तेवढंच.

पंगतीला अनुसयाकाकूंनी मला शोधून काढलं. स्वतः शेजारी बसल्या, मुलीची आई असून. मसालेभात वाढला, बुंदी वाढली, माझ्या पानावर तुपाची धार धरून ठेवली.

"बास हो, काकू."

"खावा. किती वाळलाय बघा. घरी कोन कोन असतं तुमच्या?"

"मी एकटीच."

"आन मालक?"

"गेले. जुलैत."

त्यांचा हात थांबला. "आगं माझे बाई. आन मी बोलवलं बी आनंदानं. काय झालं हुतं?"

"बापूंना झालं तेच. घशाचंच. आमच्याच हॉस्पिटलात होते."

त्यांनी तुपाचं भांडं खाली ठेवलं. माझ्या पाठीवर हात ठेवला. पलीकडे कुणीतरी मठ्ठा मठ्ठा करत होतं. मग त्या एकदम सावरून, मला धीर द्यावा म्हणून म्हणाल्या,

"मग त्यांचा बी आवाज आसंल की तुमच्यापाशी. तुमच्याच हातात हाय सगळं. कवा बी ऐकता येत आसंल."

घास तोंडात होता. 

"होता," मी म्हणाले. "परवा सकाळी साडेदहापर्यंत होता, काकू."

त्यांना काही कळलं नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. आणि चार महिन्यांत जे एकदाही आलं नव्हतं, ते तिथं, भरल्या पानावर बसून, शंभर अनोळखी माणसांत मला आलं. तोंडातला भात पानावर पडला. मी ओरडून रडत होते. वाढणारा थांबला, समोरची पंगत माझ्याकडे बघायला लागली, रंगनाथभाऊ हात धुवायचे सोडून धावत आले. अनुसयाकाकूंनी मला पोटाशी धरलं आणि सगळ्यांना सांगत राहिल्या, "कुनी बी काय इचारू नका, पोरीची मावशी हाय."